पेडल घट्ट लागेपर्यंत

मुंबईत जुनी जिप्सी बाळगायची असेल तर इंजिनाच्या आवाजाआधी ब्रेकच्या पेडलाकडे लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. इंजिनाची कुरबूर ऐकू येते, धूर दिसतो, सकाळी सेल्फ मारताना कळते. ब्रेकची कुरबूर मात्र पुष्कळदा वर्षानुवर्षे मुकीच राहते. शहरात गाडी वीस-तीसच्या वेगाने सरकते, सिग्नलला हलकेच थांबते आणि तेवढ्या कामाला अर्ध्या ताकदीचे ब्रेकही पुरतात. त्यांची खरी परीक्षा होते ती माळशेजच्या उतारावर, किंवा माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरून नेरळकडे खाली येताना. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा पाऊस सरल्यावर मी गाडीची चाके उतरवते, मागच्या ब्रेकचे ड्रम उघडते आणि गरज असेल तर ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढते. हे काम मी स्वतः करते ते पैसे वाचवण्यासाठी नव्हे. ब्रेकचे काम कसबापेक्षा सवडीचे अधिक आहे, आणि कितीही प्रामाणिक गॅरेज असले तरी एका जुन्या गाडीला हवी तेवढी सवड देणे त्याला परवडत नाही.

मारुतीने जिप्सी १९८५ मध्ये बाजारात आणली. पुढे तिला १३०० सीसीचे इंजिन मिळाले, लष्कराने ती मोठ्या संख्येने घेतली, आणि आता तिचे उत्पादन थांबून काही वर्षे झाली आहेत. माझी गाडी १९९८ ची आहे. लॅडर चेसिस, चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा, पुढे डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन बाजूंनी पॅडनी पकडणारे, आणि मागे ड्रम, म्हणजे फिरत्या पोकळ डब्याला आतून शू दाबणारे. एबीएस नाही, सेन्सर नाही, डॅशबोर्डवर काही बिघडले म्हणून सांगणारा पडदा नाही. पायाचा जोर मास्टर सिलिंडरमध्ये जातो, तिथून तो द्रवाच्या रूपाने नळ्यांतून चार चाकांपर्यंत पोहोचतो आणि तिथे पिस्टनला ढकलतो, एवढीच ती रचना. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले. तेव्हापासून त्यामागचे तत्त्व बदललेले नाही. बंद नळीतला द्रव दाबला तर तो आक्रसत नाही, दाब पुढे पोहोचवतो. हवा मात्र दाबली की आक्रसते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर पायाचा जोर त्या बुडबुड्याला दाबण्यातच खर्ची पडतो आणि चाकापर्यंत पुरेसा पोहोचत नाही.

ब्रेक ऑइल म्हणून जो द्रव आपण विकत आणतो तो ग्लायकॉल ईथरचा असतो आणि त्याला पाणी ओढून घेण्याची सवय असते. मुंबईच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, समुद्र कुठूनही फार लांब नसतो, आणि रबरी नळ्यांतून, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून ती ओल हळूहळू आत मुरत राहते. गाडी चालवली नाही तरी मुरते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवे असा निकष आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तोच निकष १५५ अंशांवर येतो. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. उतारावर डिस्क तापल्या, ती उष्णता कॅलिपरमधल्या, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या चिमट्यातल्या, ऑइलपर्यंत पोहोचली आणि त्यातले पाणी उकळले, की नळीत वाफ तयार होते. वाफ हवेसारखीच आक्रसते, आणि घट्ट वाटणारे पेडल एकाएकी तळाला टेकते. गाडी थंड झाल्यावर तेच पेडल पुन्हा ठीक लागते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दाखवले तर तिथे काहीच सापडत नाही. म्हणूनच किलोमीटर कितीही कमी पडलेले असोत, दोन वर्षांत ऑइल बदलायचेच हा नियम मी पाळते.

पेडल काय सांगते आहे ते आधी नीट ऐकावे आणि मगच पान्याला हात लावावा. पेडल मऊ लागत असेल, दाबले की दबतच जात असेल आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येऊन थोडे कडक होत असेल, तर बहुधा हवा आहे. पेडल कडक आहे पण फार खाली जाऊन लागते, अशी तक्रार असेल तर आधी मागच्या ड्रममधले शू पाहावेत. शूवरचे अस्तर, म्हणजे लायनर, झिजून शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढलेले असते, आणि ते अंतर ॲडजस्टरने कमी केल्याशिवाय कितीही हवा काढली तरी पेडल वर येत नाही. पेडलावर स्थिर पाय ठेवला असताना ते हळूहळू खाली सरकत असेल तर एकतर कुठेतरी गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर थकले आहे आणि ऑइल आतल्या आत मागे परतते आहे. या तीन तक्रारी चालवणाऱ्याला सारख्याच वाटतात, तिन्हींना तो ‘ब्रेक ढिले झाले’ असेच म्हणतो, पण तिघींचे औषध वेगळे आहे. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर तपासायचा असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, मग दाबून धरून सेल्फ मारावा. इंजिन सुरू होताच पाय थोडा खाली गेला तर बूस्टर काम करतो आहे.

हे सगळे मी शिकले ते माझ्या सासऱ्यांकडून. ते मध्य रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि त्यांचे बरेचसे आयुष्य डब्यांच्या ब्रेकमध्ये गेले. मी त्यांना बाबाच म्हणते. गाडीचे काम त्यांनी कधी पोटासाठी केले नाही, पण ब्रेक म्हटले की त्यांचा कान टवकारतो.

एका गॅरेजने पुढचे कॅलिपर उतरवून, त्यांच्या आतल्या रबरांचे नवे किट टाकून गाडी परत दिली तेव्हाची गोष्ट आहे. पेडल मऊ लागत होते. तिथल्या मुलांनी पुन्हा पुन्हा हवा काढली, ऑइलचे डबे ओतले, आणि शेवटी मास्टर सिलिंडर खराब झाला आहे, तो बदलावा लागेल, असे सांगितले. गाडी सोसायटीच्या आवारात उभी होती. बाबा खाली आले, पुढची दोन्ही चाके उतरवायला सांगितली, बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, “अगं, निपल खाली कसं? हवा वर जाते की खाली?” डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला गेला होता. दोन्ही बोल्टांवर व्यवस्थित बसले होते, पॅड बसले होते, चाक फिरत होते. फक्त हवा काढण्याचे निपल, जे कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला असायला हवे, ते तळाशी आले होते. कॅलिपरच्या वरच्या भागात अडकलेला हवेचा कप्पा तळाच्या निपलातून बाहेर पडणे शक्यच नव्हते. आम्ही कॅलिपर अदलाबदल करून बसवले, हवा काढली, आणि पेडल दगडासारखे घट्ट झाले. मास्टर सिलिंडरला काहीही झाले नव्हते. त्या मुलांना काम येत नव्हते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या दारात आणखी गाड्या उभ्या होत्या, आणि वाकून दहा मिनिटे नुसते पाहत राहण्याचे पैसे कोणी देत नाही.

त्या दिवशी बाबांनी रेल्वेच्या ब्रेकबद्दल जे सांगितले ते माझ्या मनात पक्के बसले. गाडीच्या डब्यांखालून एक अखंड ब्रेक पाइप जातो आणि एअर ब्रेकमध्ये त्यात पाच किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब कायम ठेवलेला असतो. हा दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेले असतात. दाब उतरला की ब्रेक लागतात. त्यामुळे डबे मधूनच सुटले, होज पाइप फुटला, कोणी साखळी ओढली, काहीही झाले तरी परिणाम एकच होतो आणि गाडी थांबते. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७० च्या दशकात ही युक्ती आणली. आपल्याकडे पुष्कळ वर्षे चाललेले व्हॅक्यूम ब्रेकही याच उलट्या न्यायाने काम करत. रस्त्यावरच्या आपल्या गाडीत मात्र सगळा मामला सरळ आहे: दाब आहे तर ब्रेक आहे, दाब गेला तर ब्रेक गेला. बाबांना हे आजही पटत नाही. ज्या यंत्रणेत बिघाड झाल्यावर गाडी थांबण्याऐवजी सुटते, ती यंत्रणा माणसाने फार जपून हाताळली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. मास्टर सिलिंडरचे दोन भाग करून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वाटा वेगळ्या ठेवणे हा त्यावरचा उपाय, आणि जिप्सीत तो आहे. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये एकच वाट असे, आणि मास्टर सिलिंडरही पायाखाली, चेसिसला लावलेला असे. फरशीतल्या भोकातून त्यात ऑइल ओतावे लागे आणि रस्त्यावरचा सगळा चिखल त्यावर उडे. अशी जीप ज्यांच्याकडे अजून चालू स्थितीत आहे त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

प्रत्यक्ष काम असे चालते. रविवारी सकाळी, आवारात वर्दळ सुरू होण्याआधी, गाडी सपाट जागी घ्यायची, ज्या चाकांना हात लावायचा नाही त्यांना पुढून-मागून ठोकळे लावायचे, जॅकने उचलून स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी कधीही हात घालत नाही आणि कोणाला घालू देत नाही. निपल सोडण्यासाठी सहा पैलूंचा रिंग पाना हवा. साध्या फिक्स पान्याने जुन्या निपलाचे कोपरे गोल होतात आणि मग ते काढणे हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. नागदेवी स्ट्रीटवर चांगला पाना मिळतो आणि तो एकदाच घ्यावा लागतो. समुद्राच्या हवेने निपल गंजून बसलेले असते, म्हणून आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारे स्प्रे मारून ठेवायचे आणि सकाळी हातोडीने हलके ठोके द्यायचे. ताकद लावून पिळले तर निपल आतच तुटते.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने करायची. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने ते मागचे डावे चाक. मग मागचे उजवे, मग पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. निपलावर पारदर्शक नळी चढवायची आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवून ठेवायचे. बाबा सीटवर बसतात, मी चाकापाशी जमिनीवर. पेडलाखाली एक लाकडी ठोकळा ठेवलेला असतो, कारण जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन एरवी जिथपर्यंत जात नाही तिथे गंजाचे खड्डे पडलेले असतात, आणि पेडल तळापर्यंत दाबले तर रबर त्या खड्ड्यांवरून घासून फाटते.

“बाबा, दाबा.”

“दाबलं.”

“धरून ठेवा.” मी निपल पाव फेरा सोडते. नळीतून ऑइल सुटते, त्यात आधी मोठे बुडबुडे, मग मोत्यांची माळ.

“खाली गेलं.”

“धरा तसंच.” निपल बंद. “आता सोडा.”

क्रम एवढाच आहे, आणि त्यातली एकच गोष्ट जिवापाड सांभाळायची: निपल बंद झाल्याखेरीज पेडलावरचा पाय उचलायचा नाही. उचलला तर पेडल परत येताना निपलातूनच हवा आत ओढली जाते. घाईघाईने पंप केले तरी काम बिघडते, कारण मोठ्या बुडबुड्याचे बारीक बुडबुडे होऊन ते ऑइलमध्ये फेसासारखे पसरतात आणि मग तासभर थांबावे लागते. दर काही दाबांनंतर टाकीतली पातळी पाहायची. ती तळाला गेली आणि वरून हवा शिरली तर सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. बाटलीत आलेले ऑइल, ते कितीही स्वच्छ दिसले तरी, परत टाकीत ओतायचे नाही. आधी नळीत जे येते ते गडद, तपकिरी, गढूळ असते आणि त्यात कधी काळे कणही दिसतात. ते कण म्हणजे आतल्या रबराचा भुगा आहे आणि तो दिसला की किट बदलण्याची वेळ झाली. मग हळूहळू रंग उतरतो आणि फिकट पिवळसर, नितळ ऑइल येऊ लागते. नळीत बुडबुडा नाही आणि रंग बदललेला आहे, असे दोन्ही झाल्यावरच पुढच्या चाकाकडे जायचे. रंगावर ऑइलचा थेंब सांडला तर तो ताबडतोब भरपूर पाण्याने धुवायचा, नाहीतर रंग सोलून निघतो.

मागच्या ड्रमचे काम याहून संथ आहे. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, आणि ती बंद व्हावी असे मला कळकळीने वाटते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ते फुप्फुसात गेले की बाहेर निघत नाही. आम्ही मास्क लावतो, साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने धूळ पुसतो आणि फडके पिशवीत बांधून टाकतो. मग शूंना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे रबरी बूट बोटाने किंचित उचलून पाहायचे. आत कोरडे असेल तर ठीक. ओल दिसली तर आतले रबर गळते आहे, आणि ते ऑइल लायनरवर उतरले की शू कितीही साफ केले तरी त्या बाजूचा ब्रेक पुन्हा बरोबर लागत नाही. सिलिंडर उघडून आत बोट फिरवले की खड्डे लागतात की नाही ते कळते. नुसता काळपट डाग असेल तर पुसून निघतो, खड्डा असेल तर सिलिंडरच बदलायचा. नवे किट बसवताना रबर पेट्रोलने, रॉकेलने किंवा इंजिन ऑइलने कधीही पुसायचे नाही. ही तेले ब्रेकच्या रबराला फुगवतात, फुगलेले रबर पिस्टनला जखडते आणि चाक पकडून राहते. ब्रेक ऑइलनेच धुवायचे, ब्रेक ऑइल लावूनच बसवायचे.

चाक पकडून राहण्याचे आणखी एक कारण रबरी होजमध्ये दडलेले असते. वीस-पंचवीस वर्षांच्या होजचे बाहेरचे आवरण धडधाकट दिसते, पण आतली नळी सुजून अरुंद झालेली असते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, पाय काढल्यावर मात्र परत येत नाही. पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापते, गाडी एका बाजूला ओढते, आणि दोष कॅलिपरला दिला जातो. ओळखायची खूण सोपी आहे: चाक जखडलेले असताना निपल सोडले आणि ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडलेला होता. चेसिसवरून जाणाऱ्या लोखंडी नळ्या क्लिपांखाली गंजतात, तिथे क्लिप सरकवूनच पाहावे. गंजलेल्या नळीच्या जागी तांब्याची साधी नळी वाकवून बसवून देणारे भेटतात. तांबे हादऱ्यांनी कडक होऊन तडकते, त्यामुळे ती मी कधीच बसवू देत नाही. नळीचे तोंड दुहेरी दुमडून फ्लेअर करण्याचे यंत्र आणि हात माझ्यापाशी नाहीत, ते काम मी जाणकाराकडेच नेते.

पावसाळ्यात हिंदमातासारख्या ठिकाणी गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागली तर बाहेर आल्यावर थोडे अंतर पेडलावर हलका पाय ठेवून चालवायचे, म्हणजे लायनर वाळतात. त्यानंतर हँडब्रेक ओढून गाडी चार दिवस उभी ठेवली तर ओले शू ड्रमला गंजाने चिकटतात. पावसाळ्यात मी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवते आणि चाकाखाली ठोकळा लावते.

घाटात ब्रेकवर किती भार येतो याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. माणसांसह गाडी बाराशे किलोची धरली आणि उतार सहाशे मीटरचा धरला, तर खाली येईपर्यंत जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती वीस लिटरांहून अधिक पाणी उकळायला पुरेल. ती सगळी दोन डिस्क आणि दोन ड्रम यांच्यात ओतायची, की इंजिनाच्या माथी मारायची, हे चालवणाऱ्याच्या हातात असते. नेरळच्या उतारावर मी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, आणि कच्च्या, निसरड्या उतारावर फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी सर्वांत संथ गिअरची जोडणी, टाकते. उत्तम ब्रेक ज्या गाडीला आहेत तिनेही उतार गिअरमध्येच उतरावा.

काम झाल्यावर आधी आवारातच, चालण्याच्या वेगाने, मग गेटबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर पेडल दाबून पाहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही निपलांभोवती कोरडे फडके फिरवायचे आणि टाकीतली पातळी रेघेशी आहे ना ते पाहायचे. काढलेले जुने ऑइल झाकणाच्या डब्यात भरून ठेवते, ते गटारात ओतत नाही.

यंदा एक काम उरले आहे. मागच्या उजव्या ड्रमचा आतला व्यास, त्याच्यावरच कोरलेल्या कमाल मापाच्या अगदी जवळ आला आहे, त्यामुळे तो पुन्हा लेथवर घालून चालणार नाही. एकाच बाजूचा बदलला तर ब्रेक मारताना गाडी ओढते, म्हणून दोन्ही एकदमच बदलायचे आहेत. ऑपेरा हाउसच्या दुकानदाराने जोडी मागवून ठेवतो म्हटले आहे. जुना ड्रम बरोबर नेऊन, माप समोरासमोर जुळवल्याखेरीज पैसे द्यायचे नाहीत, असे बाबांनी बजावले आहे, आणि मृग लागायच्या आत आम्हाला ते उरकायचे आहे.